नाव कमळ, जात निवडुंगाची

रात्रीचे साडेआठ. तिसऱ्या मजल्यावरच्या या गॅलरीतला दिवा मुद्दाम मालवलाय. शेजारच्या काकू हळदीकुंकू घेऊन आल्यात, पोरं मोबाइल सरसावून बसलीत.

आठवडाभर ही कळी नुसती खाली लोंबत होती. परवा देठाला छत्रीच्या मुठीसारखा बाक आला आणि तिनं तोंड वर केलं. तेव्हाच घरात कळलं, आता फुलणार. आधी बाहेरच्या तांबूस, चिंचोळ्या पाकळ्या मागे सरतात. मग आतल्या पांढऱ्या. टक लावून बघा, कळी मधूनच थरथरते. दहा वाजेतो गॅलरीभर वास.

आपण हिला ब्रह्मकमळ म्हणतो. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, उत्तराखंडचं राज्यफूल, सूर्यफुलाच्या कुळातलं. कुंडीतला हा निवडुंग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटालम. सांगली-सोलापूरकडे मळ्यांत लावतात त्या ड्रॅगन फ्रूटचा भाऊबंद. तरी हळदीकुंकू खुशाल वाहा, फूल त्या मानाचं आहेच.

नावानं घोटाळा होतो तो निगा राखताना. कमळ म्हणून कुणी रोज पाणी ओततं, मुळं कुजतात. निवडुंग म्हणून कुणी गच्चीत भर उन्हात ठेवतं, पानं पिवळी पडून करपतात. याचं माहेर जंगलात. झाडाच्या बेचक्यात साठलेल्या पाल्यापाचोळ्यावर हा वाढतो. म्हणून कुंडीतही तेच द्यायचं: पानांचं कुजलेलं खत, जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे. सकाळचं कोवळं ऊन पुरे. वरची माती सुकली की पाणी, थंडीत त्याहून कमी. आणि दरवर्षी कुंडी बदलायची हौस नको. मुळं जरा दाटली की फूल धरतं.

आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड. त्याच्या कडेच्या खाचेतूनच कळी फुटते. म्हणूनच याचं ‘पान’ लावून रोप होतं. वीतभर तुकडा कापायचा, काप सुकेपर्यंत पाचसहा दिवस सावलीत ठेवायचा, मग खोचायचा. फुलाला दोनतीन वर्षं धीर धरावा लागतो.

पहाटेचे पाच. फुलानं मान टाकलीय. काकू रात्रीच दोन पानं वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेल्या. खालचं टोक कुठलं ते कळावं म्हणून कागदावर पेनानं बाण काढून दिलाय.