थर्मासमधलं गुपित

नमस्कार श्रोतेहो. हर्बल टीबद्दल बोलायचं तर आधी माझ्या थर्मासबद्दल सांगायला हवं.

आमचं पोट घशावर. म्हणून मी ज्येष्ठमधाचा चहा प्यायचो. दिवसाला पाच-सहा कप, महिनोन्‌महिने. घसा मोकळा वाटायचा, हे खरं. पण रक्तदाब चढू लागला. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ. डॉक्टर विचारायचे, "आणखी काही औषध घेता?" मी म्हणायचो, "छे, काही नाही." गोळी वाढली. पुन्हा वाढली. तिसऱ्या खेपेला पिशवीत थर्मास गळला. (हल्ली धड झाकणाचा थर्मास मिळत नाही, हे आपलं जाता जाता.) फाइल भिजली. डॉक्टरांनी ती नाकाशी नेली.

"हे काय?"

"चहा आहे हो, ज्येष्ठमधाचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रक्त तपासलं, तर पोटॅशियम 3 च्याही खाली. किमान 3.5 तरी हवं. चहा बंद केला आणि काही आठवड्यांत वाढवलेल्या गोळ्या पुन्हा कमी झाल्या.

ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचं गोड द्रव्य असतं. त्यामुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम टाकून देतं. एखाद्या दिवशी कपभर घेतल्याने धडधाकट माणसाचं काही बिघडत नाही. रक्तदाब असेल त्याने मात्र वाटेला जाऊ नये. मी लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असं वाटलंच नव्हतं.

मग या चहांचा फायदा नाहीच का? आहे, पण बेताचा. आल्याने मळमळ कमी होते. लाल अंबाडीच्या चहाने (पाकिटावर 'हिबिस्कस' लिहिलेलं असतं) रक्तदाब किंचित उतरतो, पण तो गोळीची जागा घेत नाही. पुदिन्याने पोट हलकं वाटतं, पण छातीत जळजळ होणाऱ्याची जळजळ वाढू शकते. कॅमोमाइलच्या फुलांच्या चहाने झोप लागते म्हणतात. पुरावा तोकडाच आहे. 'डिटॉक्स', म्हणजे शरीर आतून साफ करणारा, असं लिहिलेल्या पाकिटावर मात्र सोनामुखी आहे का बघा. ती रेचक असते, आणि त्यातून उतरतं ते पाण्याचं वजन, चरबीचं नव्हे. डिटॉक्स या शब्दाचाच मला राग आहे. यकृत आणि मूत्रपिंडं दुसरं काय करत असतात?

गर्भारपण, रक्त पातळ करणारी गोळी, ठरलेलं ऑपरेशन, यांतलं काही असेल तर डॉक्टरांपुढे चहाचंही नाव घ्या. पुन्हा सांगतो, चहाचंही नाव घ्या.

थर्मास अजून सोबत असतो. आत नुसतं कोमट पाणी. आवाज कसा लागतोय, ते तुम्ही ऐकताच आहात.