फणसाची फळी

नमस्कार, श्रोतेहो.

आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, ती आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात नव्हतीच. त्यांच्याकडे विळी होती. पाटावर बसायचं, विळी पायाखाली दाबून धरायची आणि भाजी पात्याकडे न्यायची. पातं उभं, त्यामुळे खाली काही टेकू लागत नसे. मग ओटे आले, आपण उभ्यानं चिरायला लागलो, हातात सुरी आली, आणि सुरीखाली धरायला काहीतरी हवं झालं. तीच ही भाजी चिरायची फळी. चॉपिंग बोर्ड म्हणा हवं तर.

विळी मात्र घरातून घालवू नका. कच्चा फणस, सुरण, लाल भोपळा, बांगडे यांच्यासाठी विळीसारखं दुसरं काही नाही. आणि गवार तर चिरूच नये, हातानं मोडावी. शिरा निघतात, भाजी कोवळी लागते. आजकाल गवारही फळीवर घेऊन खटाखट चिरतात, ते मला पटत नाही. असो.

फळीची माझी गोष्ट सुरू होते मे २०२१ मध्ये. तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा सिंधुदुर्गात माझ्या आत्याच्या परसातला जुना फणस आडवा झाला. आत्यानं त्या झाडाचे गरे पन्नास वर्षं खाल्ले होते. ती म्हणाली, याचं सरपण होऊ द्यायचं नाही. गावच्या मेस्त्रींनी खोड गिरणीवर नेऊन फळ्या काढल्या आणि माळ्यावर एकावर एक रचल्या, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून, वारा खेळावा म्हणून. दोन वर्षं त्या तिथंच होत्या. मधून मधून आत्या वर जाऊन बघून यायची. २०२३ च्या उन्हाळ्यात मेस्त्रींनी त्यातली एक रंधली आणि मला भाजी चिरायला फळी करून दिली. दीड इंच जाड, हळदीसारखी पिवळी. फणसाचा गाभा असा पिवळाच असतो, पुढं वापरून वापरून तपकिरी होतो.

मी ती पुण्याला आणली. एके दिवशी तिच्यावर बीट चिरलं, डाग पडला. डाग जावा म्हणून मी फळी रात्रभर पाण्याच्या टबात घालून ठेवली. सकाळी काढली, ओट्यावर आडवी टाकली आणि कामाला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर दोन्ही लांब कडा वर आलेल्या, मध्ये खोलगट. टोमॅटो चिरला की रस मधोमध जमायचा. सुरी दाबली की फळी डुगडुगायची. मला फार वाईट वाटलं. पन्नास वर्षांचं झाड, दोन वर्षांची वाळवण, आणि मी एका रात्रीत ही गत केली.

गणपतीला गावी गेले तेव्हा फळी बरोबर नेली. आत्यानं ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "गो, लाकूड म्हणजे काय वाल आसत भिजत घालूक?" रागावली नाही. मेस्त्री तेव्हा गणपतीचा पाट ठीक करायला आलेच होते. त्यांनी खोलगट बाजूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही बाजू आधी सुकली, म्हणून आकसली. तिका पाणी दी."

झालं होतं असं. फळी आडवी होती, त्यामुळे वरची बाजू वाऱ्यानं सुकली आणि आखडली. खालची बाजू ओट्याला चिकटलेली, ओलीच, फुगलेली. एक बाजू आखडते, दुसरी फुगते, मग लाकूड वाकणारच. मेस्त्रींनी धोतराचं जुनं फडकं ओलं करून घट्ट पिळलं, जमिनीवर अंथरलं आणि खोलगट बाजू खाली करून फळी त्यावर ठेवली. वर कोरडी, फुगीर बाजू. तिच्यावर आत्याचा पाटा, पाट्यावर वरवंटा. रोज सकाळी फडकं तेवढं पुन्हा ओलं करायचं. तीन दिवसांनी ऋषिपंचमी आली. पाटा उचलला, फळी ओट्यावर ठेवली, चारी कोपरे टेकले. त्याच फळीवर आम्ही ऋषीच्या भाजीचा माठ, पडवळ, भेंडी, भोपळा सगळं चिरलं. सुरण आत्यानं विळीवरच घेतला.

तर श्रोतेहो, लाकडी फळी भिजत घालायची नाही. पुन्हा सांगते, भिजत घालायची नाही. काम झालं की लगेच दोन्ही बाजू धुवायच्या, एकच बाजू नाही, दोन्ही. पुसायची आणि भिंतीला टेकून उभी ठेवायची, म्हणजे दोन्हीकडून सारखा वारा लागतो. कडक उन्हात टाकू नका, तडकते. डिशवॉशरमध्ये तर अजिबात नको. कांद्या-लसणीचा वास राहिला तर जाडं मीठ टाकून अर्ध्या लिंबानं घासा.

आता तेल. लाकूड पांढरट, रुक्ष दिसलं की त्याला तेल हवं असतं. शेंगदाण्याचं, तिळाचं तेल लावू नका, ते खवट होतं आणि फळीला वास येतो. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते खवट होत नाही. थोडं कोमट करून फडक्यानं दोन्ही बाजूंना आणि कडांना चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी जास्तीचं पुसून घ्यायचं. महिन्यातून एकदा पुरे. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल मात्र नको. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात, ती अन्नाजवळ नकोत.

विकत घेताना काय बघायचं? फळी जड हवी, निदान इंचभर जाड हवी. नख दाबून बघा, खोल वण उमटला तर लाकूड मऊ आहे. चकचकीत पॉलिश असेल तर घेऊ नका, ते सुरीनं निघून भाजीत जातं. साग, शिसम, फणस चांगले. काचेची आणि संगमरवरी फळी दिसायला सुंदर, पण सुरीची धार घालवते. ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट चिरलं तरी तेच होतं. खाटकाकडे चिंचेचा ठोकळा पाहिलाय ना? तो खोड आडवं कापून केलेला असतो, त्यामुळे लाकडाचे तंतू उभे राहतात. केरसुणीच्या हिरांमध्ये बोट शिरावं तसं पातं तंतूंमध्ये शिरतं, आणि निघाल्यावर ते पुन्हा मिटतात. म्हणून तो ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो.

प्लॅस्टिक स्वच्छ, लाकूड अस्वच्छ असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेत डीन क्लिव्हर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात हे तपासून पाहिलं. लाकडावरचे जंतू आत शोषले जाऊन बहुतेक मरत होते. सुरीचे चरे पडलेल्या प्लॅस्टिकवर मात्र ते चऱ्यांमध्ये टिकून राहत, हातानं घासूनही नीट निघत नसत. तरी मासे-मटणाची फळी वेगळी ठेवाच. एक भाजीची, एक मासे-मटणाची. आणि चिरताना फळीखाली ओलं फडकं घाला, सरकत नाही, बोटं वाचतात.

लग्नाच्या आहेरात लोक शोभेच्या वस्तू देतात, त्या वर्षभरात माळ्यावर जातात. मला हे कधी आवडलं नाही. आत्याच्या माळ्यावर त्या फणसाची अजून एक फळी आहे. डिसेंबरात माझ्या भाचीचं लग्न आहे. मेस्त्रींना सांगून ठेवलंय, कडा गोल करा, मागच्या बाजूला बोट धरायला खाच पाडा. सोबत लिक्विड पॅराफिनची एक बाटली देणार आहे.

नमस्कार.