दुसरं विमान

(दर्यापूर तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, विमानाच्या भाड्यावर बोला म्हणून निरोप आला तेव्हा मी वाचनालयाच्या अध्यक्षांना म्हटलं, भाऊ, तुमच्या गावातून अमरावतीची शेवटची एसटी दिवेलागणीलाच निघून जाते, तिथं विमानाचं काय ऐकवायचं? ते म्हणाले, "सर, निम्म्या घरातले पोट्टे पुण्यात नाही तं हैदराबादेत हायेत. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाला जे भाडं सांगते, ते ऐकून लोक आता विमानाचं तिकीट पाहाले लागले." मुद्दा बिनतोड होता. तरी मी सुरुवात काळीपिवळीपासूनच करणार.

२०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, हे तुम्ही विसरला नसाल. मी तेव्हा आठवड्यातून दोनदा अमरावतीला जायचो. काळीपिवळीचं भाडं दुप्पट झालं होतं. संप सरत आला, तुरळक गाड्या सुटू लागल्या, त्या दिवसातली गोष्ट. फाट्यावर उभा होतो. मागच्या सीटवर चार बाया, पायाशी दुधाची रिकामी कॅन, ड्रायव्हर दाराला लटकून, "साठच्या खाली जमत नाही, बसाचं तं बसा." तेवढ्यात वळणापलीकडे, बाभळीच्या मागं, एसटीचा हॉर्न वाजला. गाडी दिसलीसुद्धा नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "बरं, चाळीस द्या, पण लवकर बसा!"

अर्थशास्त्रज्ञांना हा हॉर्न आकड्यांत पकडायला पुष्कळ खटाटोप करावा लागला. ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या दोघांनी २००८ साली अमेरिकेतल्या विमानभाड्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. समजा साउथवेस्ट नावाची स्वस्त कंपनी दोन शहरांच्या विमानतळांवर आधीपासून आहे, पण त्या दोघांच्या मध्ये तिचं थेट विमान नाही. म्हणजे उद्या सुरू करू शकते, एवढंच. त्यांना आढळलं की जुन्या कंपन्या तेवढ्यावरच भाडं उतरवायला लागतात. विमान उडायच्या आधीच. आमच्या ड्रायव्हरनं हे कुठल्याही विद्यापीठात न जाता सिद्ध केलं होतं.

आता ही साउथवेस्ट कोण? १९७१ साली टेक्ससमधल्या तीन शहरांत सुरू झालेली कंपनी. तिच्या स्वस्ताईत जादू काही नाही. सोयाबीनच्या हंगामात हार्वेस्टर येतं, त्याचा मालक कसा वागतो ते पाहा. रात्री दिवे लावून चालवतो, कारण मशीन उभं राहिलं तरी हप्ता उभा राहत नाही. विमानाचंही तसंच. साउथवेस्टनं एकाच जातीची विमानं घेतली, म्हणजे वैमानिक, मिस्त्री, सुटे भाग सगळे एकमेकांना चालतात. उतरलेलं विमान झटपट साफ करून परत उडवलं. जेवण दिलं नाही. पुष्कळदा शहरातल्या मोठ्या विमानतळाऐवजी जवळचा धाकटा विमानतळ धरला, तिथं गर्दी कमी आणि खोळंबाही कमी. बाकी जगानं हीच नक्कल केली. आपल्याकडे कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३ साली आली, इंडिगो २००६ साली. डेक्कनच्या एक रुपयाच्या तिकिटाची चर्चा तर पानठेल्यावरही झाली होती. पुढं ती किंगफिशरमध्ये विरघळली आणि २०१२ साली किंगफिशरच जमिनीवर बसली.

१९९३ साली अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं या प्रकाराला नावच दिलं, साउथवेस्ट इफेक्ट. ही कंपनी एखाद्या मार्गावर आली की भाडी कोसळतात आणि प्रवासी कित्येक पटींनी वाढतात. वाढलेले प्रवासी दुसऱ्या कंपनीचे पळवलेलेच असतात असं नाही. बरेचसे आधी प्रवासच करत नव्हते, किंवा मोटारीनं जात होते. आणि परिणाम शेजारच्या विमानतळापर्यंत पोचतो. शंभर-दीडशे किलोमीटरवर स्वस्त तिकीट मिळतंय म्हटल्यावर माणूस गाडी काढतो, हे अमरावतीकरांना सांगायला नको. आपण वर्षानुवर्षं नागपूर गाठतच आलो.

या ठिकाणी मला विचिटा या गावाजवळ जरा थांबायचं आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, चहूकडे गव्हाची शेतं. सेसना, बीचक्राफ्ट ही छोटी विमानं या गावात बनली. विमानं बनवणारं गाव, आणि तिथल्याच लोकांना विमान परवडत नव्हतं! लोक गाडी काढून कॅन्सस सिटीला किंवा शेजारच्या राज्यातल्या टल्साला जायचे. १९९० च्या दशकात व्हॅनगार्ड नावाची छोटी कंपनी डॅलस-विचिटा मार्गावर आली. तिथं दादा होती अमेरिकन एअरलाइन्स. सरकारचं म्हणणं असं की अमेरिकननं भाडं पाडलं, फेऱ्या वाढवल्या, व्हॅनगार्ड निघून गेली, आणि मग भाडं पुन्हा वर. १९९९ साली सरकारनं खटला भरला. सरकार हरलं. २००३ साली वरच्या कोर्टानंही तेच म्हटलं : भाडं खर्चाच्या खाली गेल्याचं सिद्ध झालं नाही. मला हा निकाल कधी पटला नाही. नवा दुकानदार आला की जुना वर्षभर घाट्यात विकतो, हे आपल्या बाजारात कुणालाही ठाऊक आहे. पण "घाटा" कोर्टात मोजायला बसलं की तो सापडत नाही.

मग गावानं काय केलं? २००२ साली एअरट्रान या स्वस्त कंपनीला सांगितलं, तुम्ही या, तोटा झाला तर भरून देऊ. कंपनी आली. तिच्यामागं बाकीच्यांचीही भाडी उतरली. पुढं कॅन्सस राज्य सरकारनं या कामाला वर्षाला पन्नास लाख डॉलर द्यायला सुरुवात केली. करदात्याच्या पैशानं विमान उडवायचं का, यावर तिथं पुष्कळ भांडणं झाली, आणि ती रास्तच होती. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांनी पैसा ओतला तो दुसरा गडी आणायला. विचिटाला विमान आधीच होतं.

आता आपल्या बेलोऱ्याकडे येऊ. १६ एप्रिल २०२५ ला तिथला अमरावती विमानतळ सुरू झाला, मुंबईचं विमान आलं. अलायन्स एअर, सरकारी कंपनी, सत्तरेक जागांचं पंखेवालं एटीआर. आनंदच आहे, मीही फोटो काढले. पण हे उडान योजनेतलं, म्हणजे छोट्या शहरांना विमान मिळावं म्हणून केंद्र सरकारनं काढलेल्या योजनेतलं विमान. योजना २०१६ ची. काही जागा ठरलेल्या कमाल भाड्यात विकायच्या, खोट आली तर सरकार भरून देणार, आणि त्या बदल्यात तीन वर्षं त्या मार्गावर एकट्याचा हक्क. म्हणजे विचिटाच्या बरोबर उलट! पैसा सरकारचा, पण दुसऱ्याला दार बंद. सुरुवातीला असं करावं लागतं, मान्य आहे. नाहीतर पहिलाच येणार नाही. फक्त याला स्पर्धा म्हणू नका. आणि एकटेपणा म्हणजे टिकाव असंही नाही. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, २०२३ चा अहवाल वाचा. तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग वाटले, त्यातले ३७१ सुरू झाले, ११२ नी तीन वर्षं पुरी केली, आणि मार्च २०२३ मध्ये त्यानंतरही चालू होते ते ५४. गोंदियाच्या बिरसीला हे आपण पाहिलंच. २०२२ च्या मार्चमध्ये फ्लायबिग आली, बंद पडली, मग पुढच्या वर्षाच्या शेवटी इंडिगो.

एकट्याचा हक्क हा दुसऱ्या विमानाच्या वाटेतला पहिला अडथळा. दुसरा धावपट्टीचा. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर. एटीआरला भरपूर झाली. पण स्वस्त कंपन्यांचं खरं जनावर म्हणजे एकशेऐंशी जागांचं एअरबस नाहीतर बोइंग. त्याला भरल्या पोटी, विदर्भाच्या मे महिन्याच्या उन्हात, दोन हजार मीटरच्या वर लागते. हवा तापली की पातळ होते, पंखाला उचल कमी मिळते. अकोल्याच्या शिवणीला तर १४०० मीटरच आहे, आणि ती वाढवायची चर्चा ऐकत एक पिढी म्हातारी झाली. तिसरा अडथळा मुंबईत. तिथं उतरायची वेळ मिळणं म्हणजे लग्नसराईत मंगल कार्यालय मिळणं. नवी मुंबईमुळे तिथं थोडी जागा होईल.

कुणी म्हणेल, इंडिगो मोठी आहे, स्वस्त आहे, तीच सगळीकडे येऊ द्या. देशातले दहातले सहाहून जास्त प्रवासी आज तिच्याच विमानात असतात. २०२५ च्या नोव्हेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पुरते लागू झाले, डिसेंबरात कंपनीचं वेळापत्रक कोलमडलं, एका दिवसात हजारावर विमानं रद्द झाली. बाकीच्यांची भाडी इतकी भडकली की सरकारला पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजारांची मर्यादा घालावी लागली. खासगी ट्रॅव्हल्सला एसटीच्या दीडपटीची मर्यादा आपल्या सरकारनं २०१८ साली घातली, ती दिवाळीत कितपत पाळली जाते ते तुम्हीच सांगा. मागच्या दिवाळीत पुण्याच्या गाडीला मी किती मोजले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

(शेवटी प्रश्नोत्तरं झाली. त्यातला एक प्रश्न इथं देतो.)

एका ताईंनी विचारलं, "सर, पोरीले मुंबईहून आणाचं हाय. अमरावतीचं तिकीट काढू का नागपूरचं?"

ताई, दोन्ही बघा. नागपूरच्या तिकिटात तिथून इथवरचं गाडीभाडं धरा आणि वाटेतला चहा-नाश्ताही. रात्रीची अमरावती एक्स्प्रेस सोडू नका, सगळ्यात जुनी स्पर्धक तीच आहे. आणि नागपूर स्वस्त पडलं तर खुशाल तिकडून आणा. अमरावतीचं भाडं ठरवणाऱ्या कंपनीला तुमचा हॉर्न ऐकू येऊ द्या.