गद्धेगाळ: ठशाच्या कागदावर उमटलेली जुनी मराठी
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दगड, वरपासून खालपर्यंत]

अलिबागजवळच्या एका वाडीच्या कडेला उभा असलेला हा दगड म्हणजे गद्धेगाळ, जमिनीच्या दानाचा लेख कोरलेला दगड. वरती चंद्र, सूर्य आणि मध्ये कलश कोरलाय, म्हणजे जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालू राहील. मधल्या चौकटीत लेख आहे. आणि तळाला गाढव आणि बाई. दिलेली जमीन कोणी हिसकावली तर त्याच्यासाठी ही ‘गाळ’, म्हणजे शिवी, आणि ती चित्रात अशासाठी की ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावी. शिलाहार राजांच्या काळातले असे दगड कोकणात गावोगावी सापडतात.

[ब्रश, पाणी, कागद]

आता ठसा घ्यायचं काम बघा. आधी नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, तारेचा ब्रश अजिबात नाही, कारण दगडावरचं शेवाळ काढायच्या नादात अक्षराची कड निघून जाते आणि गेलेली कड परत येत नाही. मग ओला कागद दगडावर पसरायचा आणि ब्रशने हळूहळू ठोकत बसायचं, मधली हवा बाहेर काढायची, म्हणजे कागद प्रत्येक खाचेत उतरतो. कुठे फाटला तर त्यावरच दुसरा ओला तुकडा चिकटवायचा. हे घाईचं काम नाही. कागद अर्धवट सुकला की कापडाच्या बोळ्याने काळी शाई टिपत जायची, आणि इथे नीट बघा, दगडाचा सपाट भाग काळा होतोय आणि खोल अक्षरं पांढरी राहतायत. मघाशी नुसत्या डोळ्यांना जिथे खरबरीत दगड दिसत होता तिथे आता ‘स्वस्ति श्री’ दिसतंय!

रात्री टॉर्च बाजूने तिरपा मारला तरी बरीच अक्षरं उठून दिसतात, वाचणारे दोन्ही करतात. पीठ किंवा खडू मात्र कधीच भरायचा नाही, कारण मग आपल्याला जे अक्षर वाटतं तेच आपण भरतो आणि पुढचा माणूस तेच वाचत बसतो.

[आक्षीचा लेख, अक्षरांवर कॅमेरा]

आणि एकेक अक्षर किती महत्त्वाचं असतं ते आक्षीला कळतं. अलिबागच्या या गावातला केसीदेवराय राजाचा लेख सुरू होतो ‘गीं सुष संतु’ असा, म्हणजे ‘जगीं सुख असो’, पहिला ‘ज’ नाहीच. यातला शक बऱ्याच अभ्यासकांनी ९३४ वाचला, म्हणजे इ.स. १०१२, आणि म्हणून आक्षीचा लेख मराठीतला सगळ्यात जुना शिलालेख म्हणून सांगितला जातो, पण काहीजण तेच आकडे वेगळे वाचतात आणि लेख थेट दोनशे वर्षं अलीकडे येतो. दोनशे वर्षं, तेही झिजलेल्या दोनचार आकड्यांवर! सोलापूर जिल्ह्यातल्या कुडल संगमचा लेख शके ९४०चा, म्हणजे १०१८चा, तेव्हा मराठी आधी कुठे कोरली गेली हा प्रश्नसुद्धा या आकड्यांपाशीच येऊन थांबतो.

[परळच्या लेखाचा ठसा]

हा परळला सापडलेला लेख, शके ११०८, अपरादित्य राजाचा. दानाचा सगळा मजकूर संस्कृतमध्ये, कोणाला काय दिलं ते सगळं, आणि शापाची वेळ आली की लेख सरळ मराठीत येतो: ‘अथ तु जो कोणुहुवि ए शासन लोपी तेया श्री वैद्यनाथदेवाची भाल सकुटुंबिआ पडे’. जो कोणी हे शासन मोडेल त्याच्यावर कुटुंबासकट वैद्यनाथाचा भाला पडो. पुढची ओळ आपण इथे वाचत नाही, ती सुरुवातीला पाहिलेल्या गाढवाच्या चित्रातलीच आहे. पण विचार करा, धमकी ज्याच्यापर्यंत पोचायला हवी होती तो माणूस मराठी बोलत होता, आणि ८०० वर्षांपूर्वीचं त्याचं बोलणं आपल्याला आज या दगडामुळे ऐकू येतंय.

[शेंदूर लावलेले दगड, ऑइलपेंट, देवळाची नवी पायरी]

गावांनी हे दगड देव म्हणून पुजले म्हणून तर ते राहिले, हे आधी मान्य करायला हवं. पण शेंदराचे आणि ऑइलपेंटचे थर अक्षरं बुजवतात, आणि जीर्णोद्धारात किंवा रस्तारुंदीत काही दगड पायरीत नाहीतर भरावात जातात.

[कागद सोलून काढताना]

ठसा पूर्ण सुकला की वरच्या कोपऱ्यातून सावकाश सोलायचा, मागे जागा आणि तारीख लिहायची, दगडाची उंची-रुंदी मोजून टाकायची. तुमच्या गावात असा दगड असेल तर रंग लावू नका, खरवडू नका, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात चारही बाजूंचे फोटो काढा, लोकेशन टाका आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या इतिहास संशोधन मंडळाला पाठवा. ठसा मात्र शिकलेल्या माणसाकडूनच घ्या.