वळिवडे: ज्यांनी युद्ध केलं नाही त्यांची छावणी

(दृश्य: गांधीनगरची कापडपेठ, दुकानांची शटरं वर जाताना)

लग्न ठरलं की कोल्हापूरकडची माणसं बस्ता बांधायला गांधीनगरला येतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी ही पेठ नावारूपाला आणली. पण त्यांच्याही आधी इथल्या बराकींतून पोलिश भाषा ऐकू यायची.

1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या, म्हणजे आजच्या गांधीनगरच्या जागेवरच्या छावणीत सुमारे 5000 पोलिश लोक राहिले. बहुतेक बाया आणि पोरं. 1 सप्टेंबर 1939 ला हिटलरचं सैन्य पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसलं, 17 तारखेला स्टालिनचं पूर्वेकडून. पुढच्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधली घरंच्या घरं उठवून मालगाडीत कोंबली गेली, थेट सायबेरिया आणि कझाकस्तानात. 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. त्यातले काही इराणमार्गे पंचगंगेकाठी पोचले. इथं त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभं केलं, नाटकंसुद्धा बसवली.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण ही पोरं सुक्याबरोबर जळलेली नव्हती. त्यांना घराबाहेर काढायचं, हे आधीच ठरलेलं होतं.

(दृश्य: सीएसटी, गाडीची वाट पाहणारे प्रवासी)

26 नोव्हेंबर 2008 ला इथं बोचकी घेऊन बसलेली माणसं असोत, की 22 एप्रिल 2025 ला पहलगामच्या बैसरनमध्ये मारले गेलेले 26 जण, कुणीही चुकून गोळीच्या आड आलं नव्हतं. नेम त्यांच्यावरच होता. दहशतवाद्याला लष्करी तळापेक्षा स्टेशन सोपं जातं. पहारा कमी, आणि भीती मात्र घरोघर पोचते.

सैन्यंही यात मागं नाहीत. ऑक्टोबर 2022 पासून, ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, रशियानं युक्रेनची वीजकेंद्रं फोडायला घेतली.

नागरिकांच्या रक्षणासाठी 1949 मध्ये जिनिव्हात स्वतंत्र करार झाला. पण दाद मागायची कुठं? 25 फेब्रुवारी 2022 ला सुरक्षा परिषदेतला युक्रेनवरचा ठराव रशियानंच नकाराधिकारानं पाडला. गाझातल्या युद्धबंदीचे ठराव अमेरिकेनं पाडले.

(दृश्य: महावीर उद्यान, पोलिश निर्वासितांचं स्मारक)

2022 मध्ये युक्रेनमधून जीव मुठीत घेऊन निघालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना पोलंडनं सीमा उघडून दिली. आपण आसरा दिला, ही गोष्ट कोल्हापूर अभिमानानं सांगतं, आणि सांगावीच. पण ती माणसं इथवर का आली, तेही इथल्या शाळांत शिकवलं जावं, असं मला मनापासून वाटतं.