बदामीत आधी तळे पाहावे: बेळगावच्या फिरस्त्यांची दोन दिवसांची पायी सहल

नमस्कार. बेळगावचे लोक बदामीला साधारण कसे जातात, हे मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः दोन वेळा तसाच गेलो होतो. पहाटे गाडी काढायची, ऐन दुपारी लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या, अठरा हातांच्या नटराजापुढे फोटो काढायचा, उतरताना तळ्याकडे एक नजर टाकायची आणि ऐहोळे-पट्टदकलच्या घाईत गाव सोडायचे. दोन्ही वेळा मला चार लेणी दिसली, पण ती नेमकी तिथेच का कोरली गेली, हे कळले नाही. तिसऱ्या वेळी व्हॅक्सिन डेपोत रोज सकाळी फिरणाऱ्या आमच्या गटाबरोबर गेलो आणि दोन दिवस जवळजवळ सगळे पायी पाहिले, तेव्हा ते उमगले. बदामीत लेण्यांपासून सुरुवात करू नये, तळ्यापासून करावी, हे आजच्या व्हिडिओत मला सविस्तर सांगायचे आहे.

आम्ही एकोणीस जण होतो. निम्म्याहून अधिक मंडळी साठीच्या पुढची होती आणि दोघांचे गुडघे कुरकुरणारे होते. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या शनिवारी पहाटे आमची बस टिळकवाडीतून निघाली. यरगट्टी आणि रामदुर्गमार्गे बदामी सुमारे दीडशे किलोमीटर पडते. रामदुर्ग म्हणजे भाव्यांचे संस्थान. तिथे चहाला थांबलो, तेव्हा गटातील निवृत्त इतिहास-शिक्षकांनी, ज्यांना आम्ही सगळे नुसते ‘सर’ म्हणतो, त्या संस्थानाची कथा सुरू केली आणि ती बदामी येईपर्यंत संपली नाही. ती मी इथे सांगत बसत नाही.

(पडद्यावर: बेळगाव, गोकाक आणि बदामी दाखवणारा नकाशा.)

आधी दगडाविषयी बोलू, कारण दगड समजला की तळे समजते. बेळगाव शहराच्या आसपास आपल्या पायाखाली दख्खनच्या लाव्हाचा काळा पाषाण आणि त्यावर तयार झालेला जांभा आहे. पूर्वेकडे निघाले, की हा काळा दगड मागे पडतो आणि त्याच्याखाली दडलेला, त्याहून कितीतरी जुना वाळूचा खडक उघडा पडतो. आपण सर्वांनी पाहिलेला गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, तो कडा याच घराण्यातला आहे. भूशास्त्रज्ञ या खडकांना कलादगी हे नाव देतात आणि ते नाव बागलकोटजवळच्या कलादगी गावावरून आले आहे. बदामीचा तांबूस रंग खडकातील लोहाच्या गंजाचा आहे. कड्याजवळ जाऊन पाहिले, तर दगडात तिरप्या रेघांचे थरावर थर दिसतात. प्राचीन प्रवाहांनी वाळू आणून ओतली, तेव्हा ती ज्या उताराने बसली, तो उतार त्या रेघांमध्ये तसाच गोठून राहिला आहे. आमच्यातील एका वहिनींनी तो थर पाहून ‘ही तर चिरोट्याची लाटी’ असे म्हटले आणि त्याहून चांगले वर्णन मला अजून सुचलेले नाही.

आता गावाची रचना पाहा. उत्तरेला एक डोंगर आहे, दक्षिणेला दुसरा आहे आणि पूर्वेकडे दोन्ही कडे एकमेकांजवळ येतात. घोड्याच्या नालेसारखा हा आकार फक्त पश्चिमेला उघडा आहे. पावसाळ्यात दोन्ही माथ्यांवरचे पाणी या खोबणीत उतरते. तिच्या तोंडावर बांध घातला, की तळे आपोआप तयार होते. हेच अगस्त्य तीर्थ. बांधाच्या आतल्या बाजूला घाटाच्या पायऱ्या आहेत आणि बाहेरच्या बाजूला लगेच गावाची घरे सुरू होतात. मलप्रभेसारखी नदी काही किलोमीटर दूर असताना चालुक्य राजांनी आपली राजधानी या दगडी खोबणीत का वसवली, या प्रश्नाचे माझ्या मते हेच उत्तर आहे. वेढा पडला, तरी पाणी आपल्या ताब्यात, आणि तीन बाजूंचा तट निसर्गानेच बांधून दिलेला.

हे माझे कल्पनाविलास नाहीत. उत्तरेकडील कड्यावर चालुक्य राजा पहिल्या पुलकेशीचा शके 465 चा, म्हणजे इसवी सन 543 चा शिलालेख आहे. वातापीचा, म्हणजे बदामीचा, हा डोंगर खालून आणि वरून अजिंक्य व्हावा, म्हणून आपण त्याला दुर्ग केले, असे त्यात राजा सांगतो. खालून आणि वरून हे शब्द नीट लक्षात ठेवावेत, कारण घाटाच्या पायरीवर बसून दोन्ही कड्यांकडे मान वर करून पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ कळत नाही. आम्ही तिथे अर्धा तास बसलो. समोर बायका कपडे आपटत होत्या आणि त्या धोपटण्याचा आवाज समोरच्या कड्यावर आदळून क्षणभराने परत येत होता.

तळ्याच्या नावाची कथा बहुतेकांना माहीत असते. वातापी आणि इल्वल हे दोन राक्षस भाऊ. वातापीने बोकडाचे रूप घ्यायचे, इल्वलाने त्याला शिजवून पाहुण्या ब्राह्मणाला वाढायचे आणि मग हाक मारताच त्याने पोट फाडून बाहेर यायचे. अगस्त्य ऋषींनी मात्र जेवण होताच पोटावरून हात फिरवला आणि वातापी जिरून गेला. आपल्याकडे आजही बाळाचे पोट चोळताना आज्या हे नाव घेतात. ज्याचे नाव आपण पोटदुखीवर घेतो, त्याच्याच गावात आपण बसलो आहोत, हे लक्षात आल्यावर आमच्या गटात बराच हशा झाला.

तळे पाहून झाल्यावर दुपार टाळून, तीनच्या पुढे आम्ही लेणी चढलो. लेणी दक्षिणेच्या डोंगरात आहेत. पहिले शिवाचे, दुसरे आणि तिसरे विष्णूचे, चौथे जैन. तिसरे सर्वांत मोठे आहे आणि वेळ कमी असेल, तर माझ्या मते तिथेच घालवावा. तिथला संस्कृत लेख शके 500 चा, म्हणजे इसवी सन 578 चा आहे. हे महाविष्णूचे गृह मंगलेशाने करवले आणि त्याचे पुण्य थोरल्या भावाला, कीर्तिवर्म्याला अर्पण केले, असे तो सांगतो. लेखात तिथीही आहे, ती कार्तिकी पौर्णिमा. आमची तिथी काही दिवसांनी हुकली होती, तरी सरांनी पुन्हा पुन्हा बोटांवर मोजून शके आणि सन यांतला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा फरक सर्वांना पटवून दिला. भावाला पुण्य देणाऱ्या याच मंगलेशाचे पुढे त्या भावाच्या मुलाशी, दुसऱ्या पुलकेशीशी, गादीवरून युद्ध झाले आणि त्यात त्याचा अंत झाला. बाहेरच्या बाजूला मंगलेशाचाच एक जुना कन्नड लेखही आहे. त्यात लेण्याला ‘कल्मने’ म्हटले आहे. कल्ल म्हणजे दगड आणि मने म्हणजे घर, हे बेळगावकराला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा पुलकेशी आपल्याला आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. त्याची स्तुती करणारा रविकीर्ती या कवीचा लेख ऐहोळेला आहे, तो इसवी सन 634 चा. नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य या राजाने मिळवले, असे त्यात लिहिले आहे. महाराष्ट्र या नावाचा हा फार जुना उल्लेख बदामीहून राज्य करणाऱ्या राजाच्या प्रशस्तीत, आजच्या बागलकोट जिल्ह्यातील एका टेकडीवर कोरलेला आहे. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटते, ते ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या गटात तरी यावर दोन मते पडली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ती मिटली नाहीत.

अजिंक्य म्हणून बांधलेला दुर्ग इसवी सन 642 मध्ये पल्लव राजा नरसिंहवर्म्याने जिंकला आणि त्याचा लेखही त्याने याच गावात कोरून ठेवला. म्हणजे बांधणाऱ्याचा दावा आणि जिंकणाऱ्याची नोंद या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात पायी पाहता येतात. पुढे 1786 च्या मे महिन्यात मराठे आणि निजाम यांच्या फौजांनी टिपूच्या ताब्यातील बदामी घेतली आणि 1818 मध्ये मन्रोने ती इंग्रजांकडे नेली. दक्षिणेच्या डोंगरावर त्या काळातील तोफ आहे, असे ऐकले होते, परंतु वर जाणाऱ्या पायऱ्यांचे जाळीचे दार आम्ही गेलो तेव्हा कुलूपबंद होते.

उतरताना एक सूचना. लेण्यांच्या पायऱ्यांवर माकडे असतात आणि त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखता येतो. आमच्या एका काकांनी पिशवीतून केळी काढण्यापूर्वीच ती पिशवी त्यांच्या हातातून गेली. तिच्यात त्यांची रक्तदाबाची गोळीही होती. खाणे आणि औषधे पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावीत.

तिथून घाटावरून उत्तरेला वळलो. पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात लज्जागौरी या मातृदेवतेचे प्रसिद्ध शिल्प आहे. ते पाहून तळ्याच्या काठाने पूर्व टोकाच्या भूतनाथ मंदिराकडे गेलो. ही वाट सपाट आहे, त्यामुळे गुडघेवाल्यांनी लेण्यांत वाचवलेली ताकद इथे खर्च करावी. भूतनाथाचा मंडप पाण्याकडे तोंड करून उभा आहे आणि तळ्याच्या पूर्व टोकाला असल्याने मावळतीचे ऊन समोरून त्याच्यावर आणि मागच्या कड्यावर पडते. त्या अर्ध्या तासात कडा आधी विटकरी, मग केशरी आणि शेवटी जवळजवळ जांभळा झाला. पावसाळ्यात या कड्यांवरून अक्का-तंगी नावाचे दोन धबधबे उतरतात. थोरली आणि धाकटी बहीण असा त्याचा अर्थ. कार्तिकात त्यांच्या जागी फक्त दगडावरच्या काळ्या खुणा दिसतात, परंतु तळ्यात येणाऱ्या पाण्याची वाट त्या खुणांवरून स्पष्ट कळते.

रविवारी सकाळी गट दोन भागांत विभागला. काही जण संग्रहालयामागच्या अरुंद घळीतून उत्तरेच्या किल्ल्यावर चढले. तिथे धान्याची कोठारे, खालचे आणि वरचे शिवालय आणि एका सुट्या खडकावर उभे असलेले मालेगित्ती शिवालय आहे. घळीत दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या जवळ येतात, की ‘खालून अजिंक्य’ म्हणजे काय, ते खांदे घासल्यावर कळते. उरलेल्यांनी कप्पे अरभट्टाचा शिलालेख शोधला. इसवी सन 700 च्या सुमाराचा हा लेख कड्यावर कोरलेला आहे आणि त्यात कन्नड त्रिपदी छंदाचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण आहे. साधूला साधू, गोडाला गोड आणि छळणाऱ्या कलीला उलटा कली, असे त्या वीराचे वर्णन आहे. आमच्यातील ज्या ताईंचे शिक्षण कन्नड शाळेत झाले, त्यांनी तो मोठ्याने म्हणून दाखवला आणि बाकीच्यांनी त्याची लय टाळीवर धरली.

नंतर आम्ही डोंगरावरून महाकूटला जाणारी जुनी पायवाट धरली. मोटारीच्या रस्त्याने जाणाऱ्यांना ही वाट दिसतच नाही, आणि संपूर्ण सहलीत मला सर्वांत मोलाची हीच वाटली. पायाखाली कधी पसरट खडक, कधी खुरटी झुडपे, आणि सावली जवळजवळ नाही. रमतगमत आम्हाला दोन तासांहून अधिक लागले. कोरडा वालुकाश्म बुटाला चांगला धरतो, पण शेवाळ असलेल्या जागी तोच दगड दगा देतो, म्हणून पावसाळ्यात ही वाट टाळलेली बरी. प्रत्येकाकडे किमान दोन लिटर पाणी असावे. वाट महाकूटच्या जुन्या दाराशी उतरते. दाराच्या दोन्ही बाजूंना सांगाड्यासारखी उग्र शिल्पे आहेत. मंदिराच्या आवारात गाडीतळाकडून शिरणाऱ्याला ती बहुधा दिसत नाहीत, कारण ती पायी येणाऱ्यासाठी उभी केलेली आहेत.

आत मात्र सगळे बदलते. झाडांची दाट सावली, भोवती लहान-मोठी शिवालये आणि मध्ये झऱ्याच्या पाण्याने भरलेली विष्णू पुष्करिणी. बदामीचे तळे पावसाचे पाणी अडवून झाले आहे, तर हे कुंड खडकात मुरलेले पाणी झऱ्याने वर येऊन भरते. एकाच डोंगराची ही दोन पाणी दोन टोकांना पाहायला मिळाली, ती आम्ही मधला डोंगर चालून गेलो म्हणूनच. कुंडात गावची मुले उड्या मारत होती. साठीच्या आमच्या चौघांनीही कपडे काठावर ठेवले. मंगलेशाचा इसवी सन 602 चा स्तंभ मूळचा इथला. तो आता विजापूरच्या संग्रहालयात आहे, म्हणून त्याला इथे शोधत बसू नये.

बस आम्ही आधीच महाकूटला मागवून ठेवली होती आणि तुम्हीही तसेच करावे, कारण दुपारच्या उन्हात त्याच वाटेने परत चालणे वयस्कर मंडळींना झेपणार नाही. तिथून बनशंकरीला गेलो. पौषी पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते आणि नाटक कंपन्या तळ ठोकतात, पण एरवी देऊळ शांत असते. देवळाबाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका ‘बरी, बरी’ म्हणत बोलावतात आणि ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही पानावर वाढतात. आमच्या काकांनी तिथे पाच भाकरी खाल्ल्या, पोटावरून हात फिरवला आणि ‘वातापी जिरला’ असे म्हणून ते बसमध्ये जाऊन झोपले.