डॉल्फिनना शिकवणारा माणूस त्यांना सोडवू लागला तेव्हा : रिक ओबॅरी

नमस्कार. १९६४ ते १९६७ या काळात अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर गाजलेल्या ‘फ्लिपर’ या मालिकेतला डॉल्फिन प्रत्यक्षात एक नव्हताच. ती भूमिका पाच माद्या आलटून पालटून करीत, आणि त्यांना समुद्रातून पकडून मायामीच्या सीक्वेरियम या सागरी मत्स्यालयात शिकवणारा तरुण होता रिक ओबॅरी.

१९७० मध्ये त्या पाचांपैकी कॅथी त्याच्या हातांतच मरण पावली. आपल्यासारखा डॉल्फिनचा श्वास आपोआप चालत नाही. प्रत्येक श्वास त्याला जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. कॅथीने तो घेणे स्वतःहून थांबवले, असे ओबॅरी आजवर सांगत आला आहे. याला आत्महत्या म्हणावे का, हे सिद्ध करता येणार नाही. मात्र त्या मृत्यूनंतर त्याने आपला व्यवसाय सोडला, ‘डॉल्फिन प्रोजेक्ट’ ही संस्था काढली आणि लगोलग बहामातील बिमिनी बेटावर कोंडलेल्या एका डॉल्फिनच्या कुंपणाची जाळी कापली. डॉल्फिन बाहेर गेलाच नाही, ओबॅरीला मात्र अटक झाली.

माझ्या मते त्याच्या पुढच्या साऱ्या कामाची किल्ली या फसलेल्या प्रयत्नात आहे. मेलेली मासळी माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेल्या प्राण्याला नुसते दार उघडून देणे म्हणजे सुटका नव्हे. १९९६ मध्ये फ्लोरिडात त्याने बक आणि ल्यूथर या दोन डॉल्फिनना परवान्याविना समुद्रात सोडले, तेव्हा दोघेही थोड्याच दिवसांत जखमी अवस्थेत सापडले आणि त्याला मोठा दंड झाला. पुरेशा तयारीविना त्यांना सोडले, हा त्याच्या टीकाकारांचा आक्षेप खोडून काढण्याजोगा नाही.

जगाला तो ठाऊक झाला तो जपानमधल्या ताइजी गावामुळे. तिथे मच्छीमार पाण्यात सोडलेल्या लोखंडी नळ्यांवर ठोके देतात आणि त्या आवाजाने बिथरलेले कळप खाडीत हाकलतात. मग देखणी, तरुण जनावरे मत्स्यालयांसाठी निवडली जातात आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांची कत्तल होते. जिवंत डॉल्फिनला मांसाच्या कितीतरी पट किंमत मिळत असल्याने, या शिकारीचा खर्च शेवटी खेळाचे तिकीट काढणारा प्रेक्षकच भागवतो, असे ओबॅरीचे म्हणणे आहे. ताइजीवरच्या ‘द कोव्ह’ या माहितीपटाला २०१० मध्ये ऑस्कर मिळाले; २०१६ मध्ये जपानने ओबॅरीला विमानतळावरच अडवून परत पाठवले. भारताने, हेही इथे सांगायला हवे, मे २०१३ मध्येच डॉल्फिनच्या खेळांसाठी केंद्रे उभारण्यास परवानगी नाकारली.

इंडोनेशियात बाली बेटावर त्याच्या संस्थेने हॉटेलच्या तलावातून सोडवलेल्या जॉनी, रॉकी आणि रॅम्बो या तिघांना आधी समुद्रातल्या जाळीबंद जागेत ठेवून जिवंत मासे पकडायला पुन्हा शिकवले. त्यानंतरच, सप्टेंबर २०२२ मध्ये, त्यांच्या पाठीच्या परांवर माग काढणारी उपकरणे बसवून जाळीचे दार उघडण्यात आले.